घरात ‘व्हाइट ओक’चं फ्लोअरिंग टाकताय? आधी फळीची कड बघा, मग जमिनीची ओल तपासा

निफाड : द्राक्षाचा हंगाम आटोपला, कांद्याचे चार पैसे हातात आले की तालुक्यात घरांची कामं सुरू होतात. जोतं, स्लॅब, प्लास्टर इथपर्यंत सगळं ठरलेलं असतं. फरशीची वेळ आली की मात्र घरात प्रत्येकाचं मत वेगळं. पूर्वी शहाबादी घ्यायची की कोटा, एवढाच प्रश्न होता. मग व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. आता शोरूममध्ये गेलं की ‘वुडन फ्लोअरिंग’चे नमुने पुढे ठेवले जातात आणि त्यात ‘व्हाइट ओक’ हे नाव हमखास ऐकू येतं. फिकट, मातकट-सोनेरी रंगाची ती फळी दिसायलाही सुंदर. मुलांनी मोबाइलवर ती आधीच पाहिलेली असते.

लाकडी फरशी वाईट नाही. निफाडच्या थंडीत तर ती सुखाचीच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कितीतरी हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली उतरलेला आहे. अशा पहाटे टाइल्सवर अनवाणी पाय ठेवला की कळ मस्तकात जाते. टाइल पायाची ऊब झपाट्याने ओढून घेते, लाकूड तेवढी ओढत नाही. म्हणून लाकडावर पाय गारठत नाही.

पण टाइल चुकली तर फक्त रंग आवडत नाही. लाकूड चुकलं तर एका पावसाळ्यात फरशी उचलली जाते आणि हंगामाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. दुकानदार ज्याला ओक म्हणतोय ते खरंच ओक आहे का, आणि आपल्या घराची जमीन ते लाकूड सोसेल का?

ओक म्हणजे नेमकं कोणतं झाड?

आपल्याकडे द्राक्षबागेच्या बांधाला वारा अडवायला ‘सिल्व्हर ओक’ लावतात. त्याचा आणि या ओकचा काही संबंध नाही. सिल्व्हर ओक हे मूळ ऑस्ट्रेलियाचं झाड, त्याचं कुळच वेगळं. बांधावरचं सिल्व्हर ओक कापून ओकचं फ्लोअरिंग होत नाही.

खरा व्हाइट ओक उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वाढतो. त्याचाच जवळचा भाऊबंद युरोपात आहे, बाजारात त्याला ‘युरोपियन ओक’ म्हणतात. आपल्याकडे येतं ते लाकूड बहुतेक याच दोन भागांतून आयात झालेलं असतं. हिमालयात ओकच्या जाती आहेत, उत्तराखंडात त्यातल्या एका झाडाला बांज म्हणतात. पण शोरूममधली फळी ती नव्हे.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे लाकूड खरं तर अगदीच अनोळखी नाही. आपल्या तालुक्यात विंचूरला वाइन पार्क आहे. वायनरीत रेड वाइन मुरवायला जे गोल लाकडी पिंप ठेवतात, ते ओकचंच असतं. एका पिंपात साधारण २२५ लिटर वाइन मावते आणि महिनोन् महिने ती गळत नाही. झाडाच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या या नळ्या आतून आपोआप बुजलेल्या असतात, म्हणून द्रव आरपार जात नाही. ‘रेड ओक’ नावाचा दुसरा प्रकार आहे, त्याच्या नळ्या उघड्या राहतात. त्याची पिंपं करत नाहीत आणि ओलीच्या जागी ते लवकर खराब होतं. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, त्यामुळे नुसतं ‘ओक’ म्हटलं तर कोणता ओक हे विचारायलाच हवं.

एकाच नावाखाली चार वस्तू

खरी गफलत इथे होते. ‘व्हाइट ओक’ हे झाडाचं नाव आहे, तसंच ते रंगाचंही नाव झालंय. किचनच्या ट्रॉलीला लावायच्या सनमायकामध्ये ‘ओक’ शेड असते, टाइल्समध्ये असते, प्लास्टिकच्या फरशीतही असते. दुकानदार ‘ओक’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. तो शेडचं नाव सांगत असतो आणि गिऱ्हाईक लाकूड समजून बसतं.

ओळखायची सोपी युक्ती अशी : फळीचा वरचा भाग बघू नका, कड बघा. नमुन्याचा कापलेला तुकडा मागून घ्या आणि तो आडवा धरा.

१) सॉलिड वुड : वरपासून खालपर्यंत एकच लाकूड. वरच्या रेषा कडेला उतरून खालपर्यंत जाताना दिसतात. जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर.

२) इंजिनिअर्ड वुड : वर खऱ्या ओकचा पातळ थर, खाली प्लायवूडसारखे एकावर एक आडवे-उभे थर. वरचा थर २ ते ६ मिलिमीटरचा असतो. हेही खरं लाकूडच, फक्त ओक वरच्या थरापुरता.

३) लॅमिनेट : कडेला तपकिरी, दाबलेल्या भुशाचा बोर्ड दिसतो. वर ओकचा छापलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कवच. यात ओक फक्त चित्रात. चार-सहा फळ्या शेजारी मांडल्या तर तीच गाठ, तीच नक्षी पुन्हा दिसते.

४) एसपीसी : कडेला राखाडी, वजनाला जड. दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी. लाकूड अजिबात नाही. पण पाण्याला ती यातली सगळ्यात टिकाऊ.

चारही वस्तूंचे भाव वेगळे आणि कामही वेगळं. लॅमिनेट किंवा एसपीसी घेणं चूक नाही. लॅमिनेटला सॉलिड लाकडाचा भाव देणं चूक आहे.

कापलेलं लाकूडही हलतं

पावसाळ्यात जुन्या घराचं दार दाटतं आणि चैत्रात तेच दार सैल होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव उन्हाळ्यात सुटू लागली की चाक पाण्यात घालून ठेवायचे, म्हणजे लाकूड फुगून धाव आवळली जायची. फ्लोअरिंगच्या फळीचंही तेच होतं.

लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. आर्द्रता ८० टक्के असेल तर ती १६ टक्क्यांपर्यंत चढते. फ्लोअरिंगची फळी कारखान्यातून निघते तेव्हा भट्टीत वाळवून ६ ते ९ टक्क्यांवर आणलेली असते. आपल्याकडे एप्रिलची दुपार कोरडी ठणठणीत आणि श्रावणात भिंतीलाही दमटपणा. म्हणजे फळी वर्षभर फुगत-आक्रसत राहणार.

किती? ५ इंच रुंदीची सॉलिड ओकची साधी चिरलेली फळी घ्या. तिच्यातली ओल ४ टक्क्यांनी वाढली तर ती रुंदीत जवळपास २ मिलिमीटर फुगते. एका फळीचं हे काही वाटत नाही. पण १२ फूट रुंदीच्या खोलीत अशा २८-२९ फळ्या बसतात. सगळ्यांचं फुगणं मिळून हिशोबाने ५० मिलिमीटर, म्हणजे २ इंच होतं. फळ्या खाली पक्क्या बसवल्या असतील तर सगळंच फुगणं बाहेर येत नाही, पण जोर तेवढा असतो. त्याला भिंतीकडे जागा मिळाली नाही की फरशी मधोमध फुगून वर येते.

हलणं कमी करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, इंजिनिअर्ड फळी. तिच्या खालचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ती बरीच कमी हलते. दुसरा, खोडाच्या मध्यातून चिरलेली सॉलिड फळी. तिच्यावर डोंगरासारख्या कमानी दिसत नाहीत, सरळ उभ्या रेषा दिसतात. ती साध्या फळीच्या निम्मीच हलते, पण महाग पडते.

खालचा मजला की माडी?

जुने वाडे आठवून बघा. जोत्यावर दगडी फरशी किंवा शेणानं सारवलेली जमीन आणि लाकडाच्या फळ्या वर माडीला. घर बांधणाऱ्या जुन्या कारागिरांना ओल कुठून येते हे ठाऊक होतं.

निफाड तालुक्यात बहुतेक घरं काळ्या जमिनीवर उभी आहेत. ही माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याखाली नीट भराव नसेल आणि ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतली ओल काँक्रीटमधून हळूहळू वर चढते. टाइलखाली ती दिसत नाही. लाकडाखाली मात्र फळ्यांच्या कडा वर येतात आणि फळी पन्हळीसारखी होते.

वाळवीही खालूनच येते. शेतात, बागेजवळ बांधलेल्या घराला तिचा धोका जास्त. ओकचा गाभा कुजायला तयार नसतो, पण खोडाच्या कडेचं कोवळं, फिकट लाकूड किडीला बळी पडतं. पाया भरतानाच वाळवीविरोधी औषध मारून घ्यावं. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे, ठेकेदाराला त्याप्रमाणे काम करायला सांगावं.

आणि नदीकाठ. चांदोरी, सायखेडा परिसरात २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. ज्या घराच्या जोत्याला कधी पुराचं पाणी लागलंय, तिथे खालच्या मजल्यावर कोणतंच लाकूड नको. पुरानंतर टाइल धुऊन निघते, लाकूड निघत नाही.

म्हणून साधा नियम असा. माडीवरची झोपायची खोली किंवा बसायची खोली असेल तर खरं लाकूड चालेल, त्यातही इंजिनिअर्ड बरं. तळमजल्यावर लाकडी दिसणंच हवं असेल तर एसपीसी किंवा लाकडाच्या नक्षीची टाइल. स्वयंपाकघर, मोरी, बाथरूम, ओटा आणि बागेतून थेट आत येतो तो दरवाजा, इथे लाकूड टाकूच नये.

ओल कशी तपासायची?

स्लॅबवरून पाय फिरवून तो कोरडा लागतो, पण आत पाणी असतं. काँक्रीट वाळायला साधारण इंचाला एक महिना धरतात. म्हणजे ४ इंचाच्या थराला किमान ४ महिने, तेही पाणी मारणं बंद केल्यापासून. पाऊस लागला तर आणखी वेळ.

घरी करता येईल अशी चाचणी : दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. तो जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि एक रात्र-दिवस तसाच राहू द्या. काढताना आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट झालेलं दिसलं तर जमीन ओली आहे, काम थांबवा. ही चाचणी एकाच जागी करू नका. बाथरूमला लागून असलेली भिंत, बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि खोलीचा मध्य, तिन्हीकडे करा. चाचणी कोरडी आली म्हणून निर्धास्तही होऊ नका. फ्लोअरिंग बसवणाऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं, त्याने आकडा दाखवावा असा आग्रह धरा.

जमीन सपाट आहे का हेही बघा. १० फुटांची सरळ पट्टी ठेवली तर खाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी नको. नाहीतर चालताना फळ्या करकरतात आणि सांधे सुटतात.

बसवायचं कधी आणि कसं?

भर मे महिन्यात बसवलं तर फळी तेव्हा सगळ्यात आक्रसलेली असते, पावसाळ्यात ती फुगणारच. भर पावसात बसवलं तर उलटं होतं, उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडतात. त्यापेक्षा पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ बरा.

प्लास्टर, पुट्टी, रंग, खिडक्या-दारं अशी ओलीची सगळी कामं आधी उरकून घ्या, फ्लोअरिंग सगळ्यात शेवटी. खोकी आणल्या आणल्या फोडून बसवायला सुरुवात नको. ती त्याच खोलीत काही दिवस ठेवावीत, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. भिंतीलगत चारही बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ‘फट दिसते’ म्हणून ती सिमेंटने भरून घेऊ नये, फळीला फुगायला तीच जागा लागते. फळ्या खाली न चिकटवता नुसत्या एकमेकींत अडकवून टाकणार असतील, तर खाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घातलाय का ते उभं राहून बघावं.

मग आपला साग काय वाईट?

हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. कडकपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे, तीत लोखंडी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. व्हाइट ओकला साधारण १,३६० पाउंड लागतात, सागाला १,०७० च्या आसपास. म्हणजे ओक जास्त कडक, त्यावर खुर्चीच्या पायाचे वळ कमी उठतात.

पण हलण्याच्या बाबतीत साग पुढे. ओल्याचं पूर्ण वाळेपर्यंत ओक जेवढं आक्रसतं, त्याच्या जवळपास निम्मंच साग आक्रसतो. सागात तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि पाणीही तो जास्त सोसतो. आपल्या हवेला साग मानवतो, हे जुन्या वाड्यांनी दाखवून दिलंय. जिल्ह्यात पेठ, सुरगाणा भागात सागाची जंगलं आहेत, मोडलेल्या वाड्यांचं जुनं सागवानही विकायला येतं. असं मुरलेलं लाकूड आणि हाताशी चांगला सुतार असेल तर त्याचाही विचार करावा. मात्र सागवान घेताना पावती आणि वन विभागाचा वाहतूक परवाना विचारल्याशिवाय गाडी भरू नये.

रोजचा वापर : बादली नको, चपला बाहेर

आपल्याकडे फरशी बादलीभर पाण्याने पुसायची सवय, सणाला तर धुऊनच काढतात. लाकडी फरशीला हे चालत नाही. आधी केर काढायचा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं.

ओकची आणखी एक खोड आहे. त्यात टॅनिन भरपूर असतं. ओल आणि लोखंड दोन्ही मिळाले की काळा डाग पडतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की ते काळं होतं, तसंच हे. ओल्या लोखंडी बादलीचं बूड, कॉटचा गंजलेला पाय, कुंडीखालचा स्टँड यांचा गोल डाग वर दिसतो आणि आत मुरतो. पायांना रबर किंवा जाड कापड लावावं.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र माती. बागेतून आलेल्या बुटांची रेती लाकडावर पॉलिश पेपरसारखी घासते. दाराबाहेर चपला आणि आत जाड पायपुसणं, एवढं पाळलं तरी फरशीचं आयुष्य वाढतं.

ओरखडे पडलेच तर खरं लाकूड घासून नवं करता येतं. सॉलिड फळी कित्येक वेळा घासता येते. इंजिनिअर्डचा वरचा थर ४ मिलिमीटर असेल तर दोन-तीन वेळा. तोच थर २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर जेमतेम एकदा, कधी तेही नाही. लॅमिनेट आणि एसपीसी घासता येत नाहीत, खराब झाली की बदलायची. म्हणून भाव विचारताना वरच्या थराची जाडी आधी विचारावी.

हिशोब आणि बिल

१२ बाय १५ फुटांच्या खोलीचं क्षेत्रफळ १८० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारा माल साधारण १० टक्के धरला तर माल लागतो १९८ चौरस फूट. भाव सांगताना फक्त फळीचा सांगतात. खालचा थर, स्कर्टिंग, दाराजवळच्या पट्ट्या, मजुरी, गाडीभाडं आणि जीएसटी धरून एकच आकडा लिहून घ्यावा. दोन-चार फळ्या जपून ठेवाव्यात, पुढे तीच शेड मिळेल याची खात्री नसते.

बिल पक्कं घ्या. त्यावर नुसतं ‘ओक फ्लोअरिंग’ नको. सॉलिड की इंजिनिअर्ड की लॅमिनेट, व्हाइट ओक की रेड ओक, एकूण जाडी, वरच्या थराची जाडी आणि वॉरंटी असं सगळं लिहिलेलं हवं. वॉरंटीत ओलीमुळे झालेलं नुकसान बसतं का, तेही वाचावं. सांगितलं एक आणि दिलं दुसरं असं झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तोंडी सांगितलेलं तिथे सिद्ध करणं अवघड जातं, बिलावरचं लिहिलेलं कामी येतं.

ऑर्डर देण्याआधी हे विचारा

– फळीचा कापलेला तुकडा दाखवा, कड बघायची आहे.
– हे व्हाइट ओक लाकूड आहे, की फक्त शेडचं नाव?
– वर ओकचा थर किती मिलिमीटर?
– बसवण्याआधी जमिनीची ओल कोण मोजणार आणि आकडा कोण लिहून देणार?
– भिंतीलगत किती जागा सोडणार?
– पहिल्या पावसाळ्यात फळी उचलली तर जबाबदारी कोणाची?

या सहा प्रश्नांची उत्तरं समाधानकारक मिळाली आणि जमीन कोरडी निघाली, तर माडीवरची एक खोली लाकडाची करायला हरकत नाही. शेवटच्या दोन प्रश्नांना दुकानदार ‘काही होत नाही हो’ एवढंच म्हणत असेल, तर यंदा टाइल टाकलेली बरी.